खड्डे आणि गाठी एकाच लेझरने जातात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वय २७, वर्ण सावळा, कॉलेजच्या वर्षांत मुरूम भरपूर. आयसोट्रेटिनॉइन या मुरमांवरच्या गोळ्यांचा कोर्स संपून चार महिने झालेत, नवी पुळी आता क्वचितच येते. दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत. जबड्याच्या कडेला दोन आणि छातीच्या मधोमध एक असे उंच, टणक व्रण आहेत, त्यातला छातीवरचा अधूनमधून खाजतो. एका क्लिनिकने या सगळ्यासाठी मिळून लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. हे लेझर घ्यावं की दुसरं कुठलं, आणि सहा महिन्यांत चेहरा पहिल्यासारखा होईल का, असं तुम्ही विचारताय.

मला यात खटकलं ते ‘सगळ्यासाठी मिळून’. लेझर कुठलं हे त्यानंतर येतं. तुमच्या गालावर आणि छातीवर जे घडलंय ते एकमेकांच्या अगदी उलट आहे. गालावर मुरमाच्या सुजेने त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला भरीवपणा देणारं प्रथिन, खाल्लं गेलं आणि भरपाई अपुरी झाली, म्हणून खड्डा पडला. छातीवर भरपाई सुरू झाली ती थांबलीच नाही, म्हणून गाठ झाली. खड्ड्यांवरचे बहुतेक उपचार त्वचेला मुद्दाम बारीक जखम करून नवं कोलॅजन बनवायला लावतात. जिथे आधीच ते जास्त बनतंय तिथे तीच जखम केली तर गाठ वाढू शकते. म्हणून या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळाच मांडावा लागतो.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा. फोटोवरून खड्ड्यांबद्दल बोलणं तर फारच अवघड, कारण समोरून फ्लॅश मारला की खोली दिसेनाशी होते. तपासताना मी खोलीतला वरचा दिवा बंद करतो आणि एका बाजूने टॉर्च धरतो. सावली पडली की कुठला खड्डा किती खोल ते लगेच कळतं. मग दोन बोटांनी त्वचा ताणून बघतो. ताणल्यावर जो खड्डा जवळजवळ नाहीसा होतो आणि जो तसाच राहतो, त्या दोघांचे उपचार वेगळे. उंच व्रण दाबून बघतो, किती टणक आहे, दुखतो का, मुरूम जेवढा होता तेवढ्यातच आहे की शेजारच्या चांगल्या त्वचेत शिरलाय. शेवटी घरात कुणाला केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारी व्रणाची गाठ, आहे का, कान टोचल्यावर किंवा हातावरच्या लशीच्या जागी गाठ आली होती का, हे विचारतो. या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर माझा हात सगळ्याच बाबतीत आखडतो.

अजून एक गाळणी लावावी लागते. गालावर दिसणारं सगळंच व्रण नसतं. मुरूम गेल्यावर राहणारे सपाट तपकिरी डाग आणि लालसर ठिपके हे फक्त रंगाचे बदल आहेत. बोट फिरवलं तर तिथे खड्डा लागत नाही. सावळ्या त्वचेत हे डाग जास्त गडद पडतात आणि खड्डे आहेत त्याहून वाईट दिसायला लावतात. त्यांना रोजचं सनस्क्रीन, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड किंवा रेटिनॉइडसारखी लावायची औषधं आणि काही महिन्यांचा धीर एवढं बहुतेक वेळा पुरतं. माझ्याकडे ‘खड्डे’ म्हणून येणाऱ्या कित्येकांची अर्धी तक्रार डाग फिके झाल्यावर आपोआप मिटते. खड्डे तेव्हाही असतातच, फक्त सावलीत मिसळणारा तो रंग गेलेला असतो.

आता उंच व्रण. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात इथून केली असती.

उंच व्रणांत दोन प्रकार. हायपरट्रॉफिक व्रण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो, काही महिने वाढतो आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा थोडा स्वतःहूनच बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो, मुरूम मुगाएवढा असला तरी गाठ बोराएवढी होते, खाज किंवा टोचल्यासारखं दुखणं असतं आणि ती स्वतःहून सहसा जात नाही. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कडा आणि कानाच्या पाळ्या या केलॉइडच्या आवडत्या जागा. छातीवरचा तुमचा व्रण खाजतो म्हणजे तो अजून ‘जागा’, म्हणजे सक्रिय, असावा असं मी धरून चालेन. जबड्यावरचे दोन कुठल्या प्रकारचे आहेत ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

पहिला उपचार दोन्हींत बहुधा तोच, व्रणाच्या आत ट्रायामसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. चेहऱ्यावर मी मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास सुरुवात करतो, छातीवरच्या जाड गाठीला ४० पर्यंत जातो. दर चार ते सहा आठवड्यांनी एक. पहिल्या वेळी औषध आत जातच नाही म्हणावं इतका विरोध होतो. गाठ टणक असते, सिरिंज जोर लावून दाबावी लागते, आणि औषध जिथवर पोचतं तिथवर गाठ पांढरी पडताना दिसते. दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत गाठ मऊ झालेली असते आणि औषध सहज उतरतं. खाज बहुतेकांची सपाट होण्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि रुग्णाला पहिला विश्वास तिथेच वाटतो.

यात धोका आहे तो उत्साहाचा. औषध जास्त झालं, किंवा गाठीच्या खाली चरबीत गेलं, तर उंचवट्याच्या जागी खळगा पडतो. कधी त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि सावळ्या रंगावर पांढरट चकता उमटतो तो तर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून गाठ पूर्ण सपाट व्हायच्या थोडं आधीच मी थांबतो आणि वाट बघतो. नुसत्या स्टेरॉइडने दाद मिळत नसेल तर त्यात ५-फ्लुरोयुरासिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. त्यात स्टेरॉइडचा वाटा खूप कमी ठेवता येतो, त्यामुळे त्वचा पातळ व्हायची भीती घटते. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ते देत नाहीत, तेव्हा हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगावं.

सिलिकॉनची पट्टी किंवा जेल हा जोडीचा उपचार. पट्टी दिवसातले १२ तास किंवा जास्त, आणि किमान दोन-तीन महिने लावावी लागते. नव्या व्रणावर ती जास्त कामाची, जुन्या जाड केलॉइडवर एकटी फारसं काही करत नाही. जबड्यावर पट्टी टिकत नाही, तिथे जेल बरं. क्रायोथेरपी, म्हणजे द्रव नायट्रोजनने गोठवणं, छोट्या गाठींवर चांगलं चालतं, पण गोठवल्यावर रंग जातो. तुमच्या वर्णात चेहऱ्यावर मी ते टाळेन.

‘कापून काढा ना’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. केलॉइड नुसता कापला तर परत येण्याचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्क्यांपर्यंत आढळलंय आणि परत येतो तो कित्येकदा पहिल्याहून मोठा. कापायचाच झाला तर त्यानंतर लगेच इंजेक्शनं किंवा एक-दोन दिवसांत किरणोपचार असं आधी ठरवूनच कापतात. मुरमाच्या छोट्या गाठीसाठी इतकं करायची वेळ क्वचित येते.

लेझरला उंच व्रणांत अजिबात जागा नाही असंही नाही. पल्स्ड डाय लेझरने लाली आणि खाज कमी होते. फ्रॅक्शनल लेझरने बारीक छिद्रं पाडून त्यातून स्टेरॉइड आत सोडायची पद्धतही आहे. पण हे दोन्ही इंजेक्शनच्या जोडीने करायचे उपचार आहेत. गालाच्या सेटिंगवर चालणारं यंत्र तसंच छातीवर फिरवणं ही वेगळी गोष्ट आहे. छाती आणि मानेच्या त्वचेत तेलग्रंथी आणि केसांची मुळं चेहऱ्यापेक्षा विरळ असतात. जखम भरायला नव्या पेशी तिथूनच येतात. त्यामुळे गाल जे सहन करतो ते छाती करत नाही.

गालांकडे वळू. ‘खड्डे’ या एका शब्दात तीन प्रकार दडलेले असतात आणि बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही एकत्र असतात. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, दोन मिलिमीटरहून कमी रुंदीचे, ज्यांना आइस पिक म्हणतात. काही उभ्या कडांचे, तळ सपाट असलेले, कांजिण्यांच्या वणासारखे, ते बॉक्सकार. आणि काही रुंद, कडा नसलेले, ज्यांनी गालाला लाटा आल्यासारखं दिसतं, ते रोलिंग.

रोलिंगमध्ये अडचण पृष्ठभागावर नसतेच. त्वचेखाली तंतूंचे दोर तयार होऊन त्यांनी त्वचा खाली ओढून धरलेली असते, गादीला जागोजागी टाके घातले की तिथे खळगा पडतो तशी. वरून कितीही लेझर मारलं तरी टाका सुटत नाही. तो सोडवायचा उपचार म्हणजे सबसिजन. १९९५ मध्ये ऑरेन्ट्राइक पितापुत्रांनी या नावाने तो मांडला. जागा बधिर करून त्वचेखाली आडवी सुई किंवा बोथट टोकाची कॅन्युला घालतात आणि पुढेमागे करत ते तंतू तोडतात. तुटताना हाताला करकर जाणवते, रुग्णालाही कधीकधी ऐकू येते, आणि दुखत नसलं तरी तो आवाज ऐकून लोक दचकतात. नंतर आठवडा-दोन आठवडे गाल काळानिळा राहतो. काहींना आत साखळलेल्या रक्ताच्या गाठी हाताला लागतात, त्या बहुतेक आपोआप विरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायलाच हवं. जबड्याच्या कडेवरून चेहऱ्याच्या नसेची एक नाजूक फांदी जाते, म्हणून तिथे हे काम शरीररचना पाठ असलेल्या हातानेच व्हावं.

आइस पिकसाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते टीसीए क्रॉस, २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी मांडलेलं. ६५ ते १०० टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोकदार लाकडी काडीच्या अग्रावर अगदी किंचित घ्यायचं, दुसऱ्या हाताने त्वचा ताणायची आणि काडी खड्ड्याच्या तळाशी टेकवायची. काही सेकंदांत तेवढाच ठिपका खडूसारखा पांढरा होतो. आग होते, पण थोडा वेळच. मग खपली धरते, आठवडाभरात गळते, आणि तळातून नवं कोलॅजन भरत येतं. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने हे तीन ते सहा वेळा करावं लागतं. अ‍ॅसिड कडेवर सांडलं तर खड्डा रुंद होतो, म्हणून मला घाईत केलेलं क्रॉस अजिबात चालत नाही. हेच अ‍ॅसिड बाटलीतून विकत मिळतं आणि लोक घरी आरशासमोर लावतात. कृपा करून ते करू नका. भाजलेल्या चेहऱ्यावरचे व्रण दुरुस्त करणं मुरमाच्या खड्ड्यांपेक्षा कितीतरी कठीण असतं.

बॉक्सकार उथळ असेल तर लेझर किंवा मायक्रोनीडलिंगला (यंत्राने बारीक सुया टोचण्याला) दाद देतो. खोल आणि कडा उभ्या असतील तर पंच नावाच्या गोल पात्याने तो कापून टाका घालतात किंवा तळ चांगला असेल तर तेवढाच वर उचलतात. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या माणसात मी हा पर्याय शेवटी ठेवतो. गालाच्या मध्यभागी केलॉइड क्वचित होतो हे खरं, तरी जबड्याच्या कडेजवळ पंच करायला मी धजणार नाही.

पृष्ठभागावर काम करणाऱ्या यंत्रांची पाळी याच्यानंतर. फ्रॅक्शनल लेझरची कल्पना २००४ मध्ये आली. किरण सगळी त्वचा न जाळता बारीक खांबांसारख्या जखमा करतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिथून जखम लवकर भरते. कार्बन डायऑक्साइड लेझर त्यातलं जोरकस. गोऱ्या त्वचेवर त्याचे निकाल चांगले येतात. सावळ्या त्वचेवरही येतात, पण नंतर काळवंडण्याचा धोका जास्त आणि तो काळपटपणा कधी महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून अशा वर्णात किरणांची दाटी कमी ठेवून सिटिंगमधलं अंतर वाढवतात. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसते, त्यामुळे काळवंडणं बरंच कमी. सुयांच्या टोकातून रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे उष्णता देणाऱ्या विद्युतलहरी, सोडणारी यंत्रं या दोहोंच्या मधली. सुईचा वरचा भाग विलग केलेला असेल तर उष्णता खालच्या थरातच राहते आणि रंगपेशींना धक्का कमी लागतो. तुमच्या वर्णनावरून मी सबसिजन आणि क्रॉस झाल्यावर मायक्रोनीडलिंग किंवा ही रेडिओफ्रीक्वेन्सी निवडेन आणि कार्बन डायऑक्साइड लेझर गरज उरली तरच. दुसरा तज्ज्ञ लेझर आधी म्हणेल. त्यात चूक काही नाही, पण त्याने तुमच्यासारख्या वर्णावर किती काम केलंय ते विचारा.

ओठांवर वारंवार ताप येऊन फोड उठत असतील तर लेझरआधी तेही सांगा, विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू करतात. पीआरपी, म्हणजे स्वतःच्या रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव, या उपचारांना थोडी जोड देतं, फार नाही. फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या भरावाने, काही खड्डे लगेच भरतात, पण त्यातल्या हायलुरोनिक अ‍ॅसिडच्या फिलरचा परिणाम कायमचा नसतो.

आयसोट्रेटिनॉइनबद्दल तुम्हाला कुणी ‘वर्षभर काहीच करायचं नाही’ असं सांगितलं असेल. पूर्वी आम्ही सगळेच सहा महिने ते वर्ष थांबायला सांगायचो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा नव्याने तपासला तेव्हा वरवरचे पील (अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर काढणं), फ्रॅक्शनल लेझर अशा उपचारांसाठी इतकं थांबायला पुरेसा आधार सापडला नाही. यंत्राने त्वचा घासणं आणि संपूर्ण थर काढणारं लेझर मात्र तेव्हाही नकोच म्हणाले. म्हणजे चार महिन्यांनी सुरुवात करायला सर्वसाधारणपणे हरकत नाही. तरीही अंगावर गाठी येणाऱ्या माणसात मी स्वतः आणखी दोन-तीन महिने घालवतो, आणि तोच वेळ उंच व्रणांच्या इंजेक्शनांसाठी वापरतो. मुरूम परत डोकं वर काढत नाहीत ना, हेही तेवढ्यात कळतं. एकीकडे नवे मुरूम येत असताना जुने खड्डे भरत बसण्यात अर्थ नाही. अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं जेल चालू ठेवलं तर मुरूमही आवाक्यात राहतात आणि नवे खड्डे पडणंही कमी होतं.

तर क्रम असा धरा: आधी छाती आणि जबड्याला इंजेक्शन, सोबत सिलिकॉन आणि डागांसाठी क्रीम. दोन-तीन महिन्यांनी गालांवर सबसिजन आणि क्रॉस, मग पृष्ठभाग. जबड्यावर खात्रीने केलॉइड निघाला तर गालाच्या आधी तोच उपचार कानासमोर एखाद्या सेंटिमीटरएवढ्या जागेवर करून बघायचा, दोन-तीन महिने थांबायचं आणि मगच पुढे.

सहा महिन्यांत पहिल्यासारखा? नाही. कोलॅजन घडायला आणि बसायला महिने लागतात. शेवटच्या सिटिंगनंतरही तीन ते सहा महिने सुधारणा चालू असते. धड एक वर्ष धरा, जास्तही लागेल. खड्डे निम्म्याने उथळ झाले तर मी त्याला चांगला निकाल म्हणतो. तो ओळखायचा कसा, हेही महत्त्वाचं. गुडमन आणि बॅरन या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या श्रेणीत व्रण ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांबून दिसतो का हे बघतात, कारण माणसं एकमेकांना साधारण तेवढ्या अंतरावरून बघतात. मोठं करून दाखवणाऱ्या आरशात नाक टेकवून बघितलंत तर कुठलाच उपचार लागू पडलेला दिसणार नाही. सुरुवातीला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, तिन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी तसेच काढा.

घरगुती उपायांचंही बोलतो, कारण कुणीतरी सुचवणारच. व्हिटॅमिन ई तेल व्रणावर चोळल्याने फायदा सिद्ध झालेला नाही, आणि काहींना त्याने पुरळ मात्र उठतं. लिंबू आणि बेकिंग सोडा सावळ्या त्वचेला काळवंडायचं कारणच देतात. घरी फिरवायचे सुयांचे रोलर खड्ड्यांपर्यंत पोचायला फार उथळ, आणि पोचतील एवढे लांब असतील तर स्वयंपाकघरात वापरायचे नाहीत. गोरं करणारी, आत स्टेरॉइड असलेली मलमं तर अजिबात नको. त्यांनी मुरूम पुन्हा भडकतात.

पॅकेजचं म्हणाल तर सहाही सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका. त्या क्लिनिकमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा: छातीवरच्या व्रणाला तुम्ही काय म्हणता, माझ्या गालावर कुठल्या प्रकारचे खड्डे जास्त आहेत, आणि यंत्र कोण चालवणार. छातीवरही तेच लेझर फिरवू असं उत्तर आलं तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि तोवर त्या खाजणाऱ्या गाठीला पहिलं इंजेक्शन घ्यायला वेळ लावू नका.